घरची शाळा कोणाला परवडते?



दरवर्षी ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रातल्या शाळांत विद्यार्थी दिवस साजरा होतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' ही नोंद आजही पाहायला मिळते. परमपूज्य बाबासाहेबांनी पुढे मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन येथे मोठमोठ्या पदव्या मिळवल्या. पण २०१७ साली विद्यार्थी दिवसासाठी सरकारने जी तारीख घेतली ती पदवीची नाही, शाळेत नाव घातल्याची आहे. आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या समाजाला शाळेच्या पायरीवरून हुसकले जात होते, त्या समाजासाठी रजिस्टरातली एक ओळ म्हणजे केवढा विजय, हे आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळणार?

आज मात्र या नाव घालण्याविषयीच एक वेगळी चर्चा ऐकू येते. मुलाला शाळेत घातलेच पाहिजे का? आईबाप घरी शिकवायला तयार असतील तर सरकारने मध्ये का पडावे? याला होमस्कूलिंग म्हणतात. पुण्या-मुंबईत अशी कुटुंबे आहेत. आई किंवा बाप नोकरी सोडून, नाहीतर घरून काम करून मुलांना स्वतः शिकवतात. शाळेत घोकंपट्टी होते, दप्तराच्या ओझ्याने मूल वाकते, मार्कांच्या स्पर्धेत त्याचे बालपण करपते, असे ते म्हणतात. हे सगळेच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मुलांना वर्गात मागे बसवले जाते, त्यांच्या आडनावावरून कुजबुज होते, हेही आपण जाणतो.

मग वाचक विचारतील की, साहेब, हा बंगल्यातल्या लोकांचा विषय, आपल्या चाळीत आणि झोपडपट्टीत त्याचे काय काम? काम आहे. कायदा एकासाठी वाकवला की तो सगळ्यांसाठी वाकतो आणि वाकलेल्या कायद्याचे टोक नेहमी गरिबाच्याच अंगाला लागते. ते कसे, हेच आज सांगायचे आहे.

'आम्ही घरीच शिकवतो'

सातपूरकडच्या एका वस्तीतली गोष्ट. सहावीतली मुलगी महिनाभर शाळेत आली नाही म्हणून बाई चौकशीला घरी गेल्या. बापाने सांगितले, "बाई, आम्ही तिला घरीच शिकवतो. आता तशी सूट आहे म्हणे." बाप कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, आई चार घरची धुणीभांडी करणारी. शिकवणार कोण? मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिचे पुस्तक फळीवर होते आणि फळीवरच राहत होते.

बाप वाईट नव्हता. लेकीने शिकावे असे त्यालाही वाटत होते. अडचण होती ती तान्ह्याला सांभाळायचे कोणी, ही. वस्तीतल्या महिला मंडळाच्या ताईंनी हे ओळखले. शेजारच्या एका मावशींनी दुपारपर्यंत पोराला सांभाळायचे कबूल केले आणि मुलगी परत वर्गात जाऊन बसली. पण या बापाच्या तोंडी 'सूट आहे' हे शब्द आले कुठून? जी चर्चा सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात सुरू होते, ती अर्धीमुर्धी होऊन आपल्या वस्तीत पोहोचते आणि तिथे तिचा अर्थच पालटतो. तिथे आई नोकरी सोडून मुलाला शिकवते, इथे मुलगी शाळा सोडून आईची नोकरी सांभाळते. दोन्हीला नाव मात्र एकच.

कायदा काय म्हणतो?

२००२ साली झालेल्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क झाला. त्याच दुरुस्तीने मुलाला शिकण्याची संधी देणे हे आईबापाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले गेले. त्यानंतर २००९ साली बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा आला, ज्याला आपण आरटीई म्हणतो. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे.

आता एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'सक्ती' म्हटले की आपल्याला वाटते, पालकाला दंड होईल, शिपाई येईल. तसे नाही. या कायद्यात पालकाला कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. कलम ८ मध्ये सक्तीचा अर्थ दिला आहे. मुलाचा प्रवेश, त्याची हजेरी आणि त्याचे शिक्षण पूर्ण होणे याची जबाबदारी सरकारवर आहे, असा तो अर्थ. म्हणजे सक्तीचा दोर बांधला आहे तो सरकारच्या गळ्यात. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. नसेल तर जाब आपण विचारायचा.

घरी शिकवणाऱ्यांबद्दल कायदा काय म्हणतो? नाव घेऊन परवानगीही नाही आणि नाव घेऊन बंदीही नाही. दिल्ली उच्च न्यायालयात हा प्रश्न गेला, तेव्हा जुलै २०१२ मध्ये केंद्र सरकारने आधी प्रतिज्ञापत्रात सांगितले की, आपखुशीने घरी शिकवणाऱ्या पालकांच्या आड हा कायदा येत नाही. थोड्याच दिवसांत, ते चुकून लिहिले गेले म्हणून सरकारने आपले शब्द फिरवले. एका जागी मात्र कायदा घरच्या शिक्षणाचे नाव घेतो. २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय आहे. तो योग्यच आहे. ज्या मुलाला उठून बसवत नाही, त्याच्या घरी शिक्षकाने जावे, यातच माणुसकी आहे. पण तिथेही शिकवणे हे सरकारचे काम राहते, आईबापांवर सोडलेले नाही.

ज्या घराने बाबासाहेबांना शिकवले

घरी शिकवण्याची बाजू घेणारे कधी कधी विचारतात, थोर माणसे घरीच नाही का घडली? त्यांचे म्हणणे तपासून पाहू.

सुभेदार रामजींनी बाबासाहेबांना घरी शिकवले हे खरे. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके त्यांनी पाठ करून घेतली, तर्खडकरांच्या पुस्तकांवरून भाषांतर करून घेतले. परळच्या एका खोलीत रात्री दोन वाजता ते मुलाला अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या लेकींचे दागिने मागून आणून गहाण टाकत. असा बाप सगळ्यांना मिळो. पण रामजींना हे शिकवले कोणी? ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. कंपनी सरकारच्या फौजेत देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. म्हणून त्या घराण्यात पुरुषच नव्हे, बायकाही लिहू-वाचू शकत होत्या. बाबासाहेबांनी स्वतः हे सांगून ठेवले आहे. ज्या घराने बाबासाहेबांना शिकवले, ते घर सक्तीच्या शाळेने शिकवलेले होते! आणि एवढे शिकवूनही रामजींनी मुलाला घरी ठेवले नाही. गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागले, पाण्याच्या नळाला हात लावता आला नाही, तरी शाळा सोडू दिली नाही.

क्रांतिबा फुल्यांनी सावित्रीमाईंना घरी शिकवले हेही खरे. पण शिकवून पुढे काय केले? १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. घरातले अक्षर घरात ठेवले नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये जिचा निबंध छापून आला, ती मांग समाजातली मुक्ता फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिच्या घरी तिला कोण शिकवणार होते?

आणि आता खास आपल्या नाशिक जिल्ह्यातले उदाहरण. सयाजीराव गायकवाडांचा जन्म १८६३ साली मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग राजवाड्यात इलियट नावाच्या साहेबाने त्यांना शिकवले. घरी शिकण्याचे याहून थाटाचे उदाहरण कोणते? पण या राजाने काय केले? १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. राजवाड्यातला मास्तर प्रत्येक खेडुताच्या पोराला मिळणार नाही, हे त्या खेडुताच्या पोराला पक्के ठाऊक होते. याच राजाने १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेला शिकायला पाठवले.

सक्तीला विरोध कोणाचा होता?

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला, कारण एकाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील! १८८२ साली हंटर कमिशनपुढे फुल्यांनी मागणी केली की, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले.

गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. ते फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी आणि तेही हळूहळू लागू करायचे होते. १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोध करणाऱ्यांत जमीनदार होते. पोरे शाळेत गेली तर शेतात राबणार कोण, ही त्यांची खरी पोटदुखी होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली सक्तीचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम त्यांनी काढला.

घटना समितीत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी या विषयावर चर्चा झाली. एका सभासदाचे म्हणणे होते की, वयाची मर्यादा चौदाऐवजी अकरा करावी. बाबासाहेबांनी ते मानले नाही. त्यांचे कारण आपल्या प्रत्येक आईबापाने पाठ करावे असे आहे. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला घटना मनाई करते. मग ते मूल कामावर नसेल तर कोठे असावे? कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत असावे. म्हणजे बाबासाहेबांच्या लेखी शाळा आणि बालमजुरीची बंदी ही एकाच नाण्याची दोन अंगे. शाळा मुलाला शिकवते, तसा पहाराही देते.

इथे आजच्या कायद्यातला एक पेच पाहा. बालमजुरीचा कायदा २०१६ साली बदलला. चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीला बंदी, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत केली तर चालेल, अशी सवलत ठेवली. आता सांगा, ज्या मुलाची शाळाच घरात, त्याची शाळा सुटते कधी? घरात भाजीची गाडी असेल, शिवणाचे मशीन असेल, विड्या वळायचे काम असेल, तर 'घरीच शिकतो' म्हणणारे मूल सकाळपासून हाताखाली आहे आणि कोणी विचारणारे नाही.

इतर देशांत काय चालते?

जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणे बंधनकारक आहे, घरी शिकवायला परवानगी नाही. एका कुटुंबाने ऐकले नाही म्हणून २०१३ साली पोलिसांच्या मदतीने त्यांची चार मुले तीन आठवडे सरकारी ताब्यात ठेवली गेली. ते कुटुंब युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये हरले. फ्रान्सने २०२१ साली कायदा करून घरच्या शिक्षणाला आधी परवानगी घेण्याची अट घातली. अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरी शिकवता येते, फक्त नियम कमीअधिक आहेत.

इंग्लंडमध्ये पूर्वीपासून मोठी मोकळीक. तिथे काय घडले ते ऐकून काळीज हलते. दहा वर्षांच्या एका मुलीच्या अंगावरचे वळ शाळेतल्या शिक्षकांना दिसले, त्यांनी वरती कळवले. एप्रिल २०२३ मध्ये 'घरी शिकवतो' म्हणून तिला शाळेतून काढले. ऑगस्टमध्ये ती घरात मृतावस्थेत सापडली. डिसेंबर २०२४ मध्ये बाप आणि सावत्र आई खुनाबद्दल दोषी ठरले. त्याच महिन्यात तिथल्या सरकारने, शाळेत नसलेल्या मुलांची नोंद ठेवण्याचे विधेयक पार्लमेंटमध्ये आणले. सगळे घरी शिकवणारे पालक असे असतात, असे म्हणणे अन्याय होईल. पण जे मूल कोणाच्या हजेरीपटावर नाही, ते नाहीसे झाले तरी गैरहजेरी लागत नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, ते तर आपलेच वाटेल. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाचा जिल्हा आहे. एकत्र शाळा करण्यापेक्षा त्या जिल्ह्याने १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावले. गोऱ्यांच्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाल्या. काळ्या मुलांना आयाबायांनी घरात, चर्चमध्ये जमेल तसे शिकवले. कित्येक मुले काहीच न शिकता वाढली. १९६४ साली कोर्टाने शाळा उघडायला लावल्या, तेव्हा पाच वर्षे गेलेली होती. त्या आयांच्या मायेत काही कमी नव्हते. तरीही शाळेची जागा ती माया भरून काढू शकली नाही.

आपणही ते दिवस पाहिले

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. शिक्षण खात्याने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी मोहीम काढली. त्या दिवसांत कोट्यवधी घरे शाळा झाली. दहा बाय दहाच्या खोलीत एक मोबाईल, तो बाप कामावर घेऊन जाणार, घरात तीन मुले तीन वर्गांतली. रिचार्ज संपला की वर्ग संपला. मोठी बहीण धाकट्यांना घेऊन बसली, पण तिला कोण घेऊन बसणार? खिचडी बंद, ग्रंथालय बंद, मैदान बंद. जे पोरगे तेव्हा गॅरेजवर किंवा भाजीबाजारात हाताखाली लागले, त्यातले काही परत आलेच नाही. घरच्या शाळेचा एवढा मोठा प्रयोग जगात कधी झाला नसेल आणि गरिबाच्या घरी त्याचा निकाल काय लागला, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

शाळेतून आणखी एक वस्तू मिळते, ती म्हणजे दाखला. आम्ही कारकुनी करणारी माणसे, कागदाची किंमत जाणतो. जात पडताळणीला गेलात की वाडवडिलांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. बहुतेक घरांत तो निघतो आजोबांच्या किंवा पणजोबांच्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरातून. दुसरी-तिसरी शिकून शाळा सोडलेल्या त्या माणसाला कुठे ठाऊक होते, की त्याच्या नावाची ती ओळ नातवाची नोकरी आणि नातीचे इंजिनिअरिंग उभे करणार आहे! आज जे मूल शाळेच्या रजिस्टरात चढत नाही, त्याच्या नातवंडांच्या हातून आपण एक कागद काढून घेतो. शिष्यवृत्ती, मोफत पुस्तके, मधल्या सुट्टीतले जेवण, सगळे त्या नोंदीला बांधलेले आहे.

आमचे म्हणणे

मग घरी शिकवणाऱ्यांना तुरुंगात घालावे का? मुळीच नाही. ज्यांची ऐपत आहे, ज्यांना वेळ आहे आणि जे मनापासून शिकवतात, त्यांना सरकारने मुभा द्यावी. पण मुभा नियमाने असावी. पहिला नियम, अशा प्रत्येक मुलाची नोंद शिक्षण खात्याकडे झाली पाहिजे. दुसरा, वर्षातून निदान एकदा बाहेरच्या माणसाने त्या मुलाला भेटून त्याची प्रगती पाहिली पाहिजे. तिसरा, मूल थोडे मोठे झाले की त्यालाही विचारले पाहिजे, बाळा, तुला शाळेत जायचे आहे का? चौथा, ज्या दिवशी ते 'हो' म्हणेल त्या दिवशी शाळेचे दार उघडे पाहिजे. हक्क मुलाचा आहे. आईबाप त्या हक्काचे विश्वस्त आहेत, मालक नाहीत.

आणि सरकारलाही सांगायला हवे. २०२३ साली शिक्षण खात्याने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते. ज्यांना शाळा चालवणे जड झाले आहे, त्यांच्या हाती घरच्या शिक्षणाचे आयते निमित्त देऊ नये. उद्या वाडीवरची शाळा बंद करून 'घरी शिकवा, परीक्षा आम्ही घेतो' असे कोणी म्हटले, तर ती धारवाडचीच पुनरावृत्ती होईल.

आपण काय करावे?

मूल शाळेबाहेर असेल तर वेळ गेली असे समजू नका. आरटीईच्या कलम ४ प्रमाणे त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यावे लागते आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला खास शिकवणी द्यावी लागते. कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे जून उलटला तरी प्रवेश नाकारता येत नाही. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी मुलाचे शिक्षण हमी पत्रक शाळेतून मागून घ्यावे, म्हणजे दुसऱ्या गावी शाळेत बसता येते. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे आणि तालुक्यात गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

वर्गात मुलाचा जातीवरून अपमान झाला, मारहाण झाली, तर मूल घरी बसवू नका. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. अपमान करणाऱ्याने वर्गात राहावे आणि अपमान झालेल्याने घरी बसावे, हा कुठला न्याय? पाच-दहा पालक मिळून शाळेत जा आणि शांतपणे, पण लेखी विचारा.

वय निघून गेले असेल, तर मात्र घरचा अभ्यास आपला मित्र आहे. चौदा पूर्ण झालेल्या, शाळा सुटलेल्या मुलामुलींना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी आणि दहावीच्या परीक्षा घेते. आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर १९८९ पासून आपल्या नाशिकातच, गंगापूर धरणाच्या रस्त्याला उभे आहे. कंपनीत राबून, घर सांभाळून तिथून पदवी घेतलेले बंधू-भगिनी आपल्या अवतीभवती आहेत. त्यांना ओळखा, त्यांना विचारा.

आणि शाळा आहे म्हणून घराची जबाबदारी संपत नाही. रामजींसारखे रात्री दोनला उठवणे सगळ्यांना जमणार नाही. पण संध्याकाळी एक तास टीव्ही बंद, मोबाईल बाजूला आणि आईबापांपैकी एकजण मुलाजवळ बसलेला, एवढे तरी जमेल ना? तुम्हांला वाचता येत नसले तरी चालेल. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐका. घरात जागा नसेल तर विहारात अभ्यासिका सुरू करा. एक ट्यूबलाईट, दोन सतरंज्या आणि आळीपाळीने बसणारा एक शिकलेला तरुण, एवढाच तिचा खर्च.

येत्या रविवारी वंदना झाली की प्रत्येक वस्तीत एक वही काढावी. सहा ते चौदा वर्षांची मुले किती, शाळेत जाणारी किती, न जाणारी किती आणि का जात नाहीत, हे घरोघर जाऊन लिहावे. ज्या घरातून 'आम्ही घरीच शिकवतो' असे उत्तर येईल, तिथे दोन मिनिटे जास्त थांबावे. मुलाला जवळ बोलवावे, त्याच्या वहीत तारीख पाहावी. तारीख ताजी असेल तर त्या आईबापांना जयभीम करावा. जुनी असेल, तर सोमवारी सकाळी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जावे.